टोकाची जागा

पोवळ्यांची माळ सासूने, लल्ला मीनाने, नेझाच्या गळ्यात घातली तेव्हा तुरिया शालीला इस्त्री करत होती. इस्त्री एकाच जागी थांबली. लोकर जळल्याचा वास आला.

“लक्ष कुठंय तुझं?” सासू म्हणाली.

“इथंच आहे, लल्ला.”

ती माळ लल्ला मीनाच्या लग्नातली. तुरिया सून होऊन घरात आली तेव्हा ती आपल्याला मिळेल असं तिला वाटलं होतं. नेझा तर लल्लाच्या बहिणीची मुलगी, आई गेल्यापासून मावशीकडेच राहणारी. द्रिससाठी आधी तिचंच नाव चाललं होतं, हे तुरियाला लग्नाच्या मेंदीतच कुणीतरी कानात सांगितलं होतं.

“उद्याच्या फोटोला मी काय घालू?” तुरियाने विचारलं.

“हिरवा झगा घाल. हिरव्याशेजारी तपकिरी छान दिसतो.”

“तपकिरी कोण घालतंय?”

“रानातली देवदाराची खोडं,” नेझा म्हणाली आणि हसली. लल्लाही हसली, जरा जास्तच.

“आणि गळ्यात?”

“तुझं वेगळं आहे. दम धर थोडा.”

चार वर्षं तुरिया दमच धरत होती. त्यातली शेवटची दोन द्रिसशिवाय. तो स्पेनमध्ये, अल्मेरियात, प्लास्टिकच्या छपराखाली टोमॅटो तोडत होता. कागदपत्रं नव्हती, आला असता तर परत जाता आलं नसतं. मूल नव्हतं. या घरात तिचं म्हणावं असं काय होतं, तर सून हे नाव.

गेल्याच आठवड्यात लल्लाने सासऱ्यांचा जाड लोकरी बुर्नूस, टोपीचा पायघोळ अंगरखा, स्पेनला निघालेल्या शेजाऱ्याच्या मुलाबरोबर पाठवला होता. “पोराला थंडी वाजते,” म्हणाली. प्लास्टिकखाली माणूस घामाने निथळतो, हे तुरियाला द्रिसनेच सांगितलं होतं. पण आईला मुलाबद्दल काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सगळे अझ्रू गावाच्या वरच्या देवदारांच्या रानात गेले. रात्रभर बर्फ पडून आता लख्ख ऊन होतं. फोटोवाला बेनासर तिपाई रोवून तयारच होता. त्याच्या दुकानाच्या काचेत एका कुटुंबाचा फोटो होता, त्यात एका माणसाची सावली बाकीच्यांच्या उलट बाजूला पडलेली. असल्या माणसाकडून कशाला काढायचा, असं तुरिया म्हणालीही होती. पण लल्लाला तोच हवा होता.

“बर्फात कॅमेरा फसतो,” बेनासर सांगत होता. “एवढा उजेड एकदम दिसला की त्याला सगळं करडं वाटतं. आपण समजून घ्यायचं.”

पुढे दोन खुर्च्यांवर सासू-सासरे बसणार होते. मागे नणंद, तिचा नवरा, नेझा आणि तुरिया. लल्लाने एकेकाला दंडाला धरून उभं केलं. नेझाला मधोमध, बरोबर आपल्या खुर्चीमागे. तुरियाला डाव्या टोकाला.

“अजून सरक,” लल्ला म्हणाली. “अजून. तुझ्या बाहेरच्या अंगाला जागा मोकळी राहू दे.”

“माझ्या बाजूला कोण आहे आता?” तुरियाचा आवाज बारीक झाला.

“माकडं येतील की,” नणंद म्हणाली. “इथली फार माणसाळलेली आहेत.”

सगळे हसले. तुरियाला मात्र शेजारच्या घरातला फोटो आठवला. त्या घरच्या सुनेला तलाक दिला तेव्हा ती फोटोत टोकालाच होती. कात्री सरळ रेषेत फिरली. आता भिंतीवर बघणाऱ्याला कळतही नाही, की तिथं कुणी होतं.

लल्ला बेनासरशी हळू आवाजात काहीतरी बोलली. त्याने टोकाकडे बघून मान डोलावली. मग लल्ला येऊन खुर्चीवर बसली, पाठ मागच्या रांगेकडे.

“नेझा,” तुरिया कुजबुजली, “इथं बर्फावरून ऊन थेट डोळ्यांत येतंय गं. जागा बदलतेस?”

“ये की,” नेझा म्हणाली. तिने विचारही केला नाही. तुरियाला तिचा तो भोळेपणाही डोळ्यांत खुपला.

सासरे खोकत होते, तेवढ्यात दोघींनी जागा बदलल्या.

“टोकाच्या बाई,” बेनासर म्हणाला, “थोडं बाहेर बघा. हां. अजून एक पाऊल घ्या. खांदा सैल सोडा. छान.”

नेझाच्या पलीकडे बर्फच बर्फ होता. तुरियाने लल्लाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि कधी नव्हे इतकं मनापासून हसली.

फोटो तीन आठवड्यांनी आला. शुक्रवारच्या जेवणाचा कुसकुस व्हायचा होता, घर पाहुण्यांनी भरलं होतं. चौकट कापडात गुंडाळलेली होती, आणि लल्लाने तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. स्वतःही उघडून बघितली नव्हती.

“आधी सून बघणार,” ती म्हणाली. “बेनासरनं एक प्रत द्रिसलाही धाडलीय. आणि गावोगावच्या नातेवाइकांनाही.”

नेझाने गळ्यातली माळ काढून मावशीच्या हातात दिली. “फोटोपुरतीच होती ना.” लल्लाने ती तिथंच, सगळ्यांसमोर, तुरियाच्या गळ्यात घातली.

“तुझं वेगळं आहे म्हणाले होते,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “उघड, बाळ. तुझ्यासाठीच केलंय.”

तुरियाने कापड ओढलं.

ती मधोमध होती, लल्लाच्या खुर्चीमागे, हसत. आणि डाव्या टोकाला, बापाचा तपकिरी बुर्नूस घालून, सावली बाकीच्यांच्या उलट बाजूला टाकत, नेझाकडे किंचित झुकून, तुरियाचा नवरा बर्फात उभा होता.