पलीकडे जाणारी गाडी

"खिडकीपाशी जाऊ नका म्हटलं ना, बीजी." वृंदाने घाईघाईने पडदा ओढून घेतला.

समोरच्या अर्धवट इमारतीच्या परांचीवर एक मजूर हातातलं काम थांबवून इकडेच पाहत होता. गुडगावच्या या नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला, तेव्हा इथे कुणी कुणाला ओळखत नाही म्हणून तिला वाईट वाटलं होतं. आता तोच काय तो आधार होता.

पंजाब वेगळा देश होऊन वर्ष उलटलं होतं. सरहद्द अंबाल्याच्या अलीकडे आली होती. दिल्लीतल्या शिखांना पलीकडे नेणाऱ्या खास गाड्या सुटत. ज्यांना जायचं त्यांनीच जावं, असं रेडिओवर सांगत. करोल बागेत मात्र लोक वेगळंच कुजबुजत होते. पोलीस घरातून उचलतात म्हणे. गाडी वाटेतच अडवतात म्हणे.

ते कानावर आलं त्याच दुपारी वृंदा टॅक्सी करून तिथे गेली आणि आपल्या जुन्या शीख घरमालकिणीला, बीजींना, घेऊन आली. "चार दिवस माझ्याकडे चला," एवढंच म्हणाली. लग्न होऊन दिल्लीत आली तेव्हा ती बीजींच्याच माडीवर भाड्याने राहिली होती. हिंदीचा गंध नव्हता. बीजींनी तिला भाजीवाल्याशी बोलायला शिकवलं, तिच्या आजारपणात रात्री जागवल्या. त्यांचा मुलगा जसबीर आधीच अमृतसरला निघून गेला होता. म्हातारीला अशी वाऱ्यावर कशी सोडायची?

चार दिवसांचा महिना झाला. बीजी जेवेनाशा झाल्या. बेल वाजली की धडपडत उठत. वृंदा ओठांवर बोट ठेवून त्यांना मागच्या खोलीत नेई. ऑफिसला जाताना ती फ्लॅटला बाहेरून कुलूप घाली. फोनही कपाटात बंद करून ठेवी. चुकून उचलला आणि कुणी आवाज ओळखला तर?

"त्यांना काय हवंय, विचारलंस का कधी?" तिचा नवरा मानस एकदा म्हणाला.

"घाबरल्यात त्या. घाबरलेल्या माणसाला काय विचारायचं?"

"मला तर तूच घाबरलेली दिसतेस."

वृंदाने कपाटाचं कुलूप पुन्हा ओढून पाहिलं.

शनिवारी दुपारी मानस बाहेर गेला असताना खाली जीप थांबली. जिन्यात बूट वाजले. वृंदाने बीजींना मागच्या खोलीत बसवलं.

"बेटा, सुन तो..."

"शू. मैं हूँ ना."

तिने दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

दारात फौजदार होता, बरोबर एक महिला शिपाई.

"घर में कौन कौन है?"

"मैं अकेली."

"कोई बुजुर्ग सरदारनी?"

"नहीं."

फौजदाराने आवाज चढवला नाही. त्यामुळे वृंदाला आणखीच धडकी भरली. तेवढ्यात आतून दारावर थाप पडली.

वृंदा धावत गेली आणि त्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "मुझे ले जाइए," ती म्हणाली. "हाथ जोडती हूँ, उन्हें उस गाडी में मत बिठाइए."

महिला शिपायाने तिला दंडाला धरून बाजूला केलं आणि कडी काढली.

बीजी उभ्या होत्या. अंगावर शाल, हातात कपड्यांचं गाठोडं. महिनाभरात चेहरा पार उतरला होता.

फौजदार खाली वाकून, सावकाश म्हणाला, "माताजी, सामनेवाले मजदूर के हाथ शिकायत आपने भिजवाई थी? किसने बंद कर रखा है आपको?"

बीजींनी वृंदाकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी हळूच तिच्याकडे बोट केलं.

"इसी ने. बेटे के पास जाने नहीं देती."