आवडीच्या घराचे अकरा फोटो

"छप्पर नाही, भांडी नाहीत, दारसुद्धा नाही," श्यामलाताईंनी बालकल्याण समितीपुढे अहवाल वाचला. "कुटुंब कायमचं निघून गेलेलं दिसतं."

वरसे गावात राहणाऱ्या या निवृत्त शिक्षिका. निराधार मुलांच्या बाजूनं समितीपुढे बोलायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं आणि पहिल्याच प्रकरणात त्यांची मती गुंग झाली होती. दहा वर्षांची आवडी निडीच्या रेल्वे स्टेशनवर एकटी सापडली होती. सांभाळणारी आजी वारलेली, आईबाप वीटभट्टीवर गेलेले. कुठल्या, ते कागदावर नव्हतं. समितीच्या सांगण्यावरून चार महिने पेणच्या दर्शनानं तिला पोटच्या पोरीसारखं ठेवलं होतं. आज समितीनं तिला आईबापानं सोडून दिलेली ठरवलं, की तिला दत्तक देता येणार होतं.

पण ही पोर रडत कशी नाही? दर्शनाकडे पोटभर जेवते, सायकल शिकते, आणि दर रविवारी आपले कपडे घडी करून पिशवीत भरते. सुखी म्हणावी की दुःखी? श्यामलाताईंना काही थांग लागत नव्हता. आईबापाचा विषय त्यांनी मुद्दाम टाळला होता. उगाच खपली निघायची. त्यापेक्षा तीनदा आवडीच्या वाडीवर जाऊन घराचे अकरा फोटो काढले. तिन्ही वेळा भरदुपारी. वाडी तेव्हा मजुरीवर गेलेली.

अध्यक्षांनी एक फोटो आवडीपुढे सरकवला. "हे तुझंच घर ना?"

"व्हय. पत्रे शेजारच्या जनूकाकाकडं हायत."

"म्हणजे?"

"भट्टीवर जाताना बाबा दरसाल त्याच्याकडं ठेवतो. नायतर चोरीला जातात. आल्यावर परत चढवतो."

श्यामलाताईंच्या हातातला अहवाल तसाच राहिला. त्यांना मनापासून लाज वाटली.

"आणि भट्टी कुठली, ते कुणाला माहीत असेल?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"जनूकाकाला. त्याच्याकडं मुकादमाचा नंबर हाय."

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

आवडी गोंधळली.

"बाई, तुम्ही जेवलीस का इचारलंत, झोपलीस का इचारलंत. आईबाबाचं कधी इचारलंच नाय."