व्यत्ययाबद्दल क्षमस्व

प्रकाशाला मागं टाकून यान पुढं आलं होतं आणि आता त्याचीच वाट बघत थांबलं होतं. पासष्ट वर्षांपूर्वी पृथ्वीवरून निघालेल्या टीव्हीच्या लहरी आज इथं पोचणार होत्या. ‘ध्रुवापलीकडे’ या मालिकेच्या शेवटच्या भागाची टेप कधीच पुसली गेली होती, तो भाग आता फक्त अंतराळात उरला होता.

यानातल्या चाहत्यांनी मालिकेतल्या कॅप्टनसारखे रुपेरी पट्टे लावले होते. मृदुलाताई तेवढ्या साध्या सुती साडीत, अगदी पुढं बसल्या होत्या.

पडदाभर मुंग्या आल्या, मग कॅप्टन दिसला आणि सत्तरीतली माणसं शिट्ट्या मारू लागली. कॅप्टननं ध्रुवाच्या दाराला हात लावला, एवढ्यात चित्र गेलं. ‘व्यत्यय’ अशी पाटी आली.

“अरे देवा, इथंही?” यंत्रापाशी बसलेल्या बेहेऱ्यांनी कपाळावर हात मारला.

पाटी जाऊन एक तरुण निवेदिका आली. केसांत अबोली होती. “व्यत्ययाबद्दल क्षमस्व. बालमित्रांनो, झोपू नका हं. मालिका आत्ता सुरू होईल.”

“हटवा रे या बाईला कुणीतरी!” मागून कुणी ओरडलं.

“आई आहे ती माझी,” मृदुलाताई म्हणाल्या.

हे प्रक्षेपण झालं त्या रात्री सहा वर्षांची मृदुला शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढं पाटी बघता बघताच झोपली होती. वर्षभरात आई गेली, आणि तिचा आवाज कुठंच राहिला नाही.

बेहेऱ्यांनी हळूच आवाज वाढवला.

“झोपू नका हं,” आई पुन्हा म्हणाली.

“नाही गं,” मृदुलाताई पडद्याला म्हणाल्या, “जागी आहे मी.”