पानोपानी एकच हाक

संयोगिताच्या पहिल्याच कादंबरीत जग संपल्यावर एकटी उरलेली मंगल कोयना खोऱ्यातल्या ओस गावांतून दारोदार विचारत जाते, ‘कोन हाय का?’

संपादक म्हणाले, “हे वाक्य पानोपानी येतं आणि उत्तर कुठूनच येत नाही. एकदाच ठेवा, बाकीची काढा.”

“एकबी काढनार न्हाई, सर.”

“अहो, पण मंगल वेडी वाटते!”

“वाटू दे. आमच्या घरावर दरड कोसळली, तवा सगळी हाका मारून परत गेली. एकट्या शेजारच्या धोंडुबाई ढिगाऱ्यावर बसून वेड्यावानी हेच विचारत राहिल्या. मी आतनं ऐकत होते. तोंडात माती होती, ओ द्यायला लय वेळ लागला.”