पुढची गाडी

"चला," परीक्षक बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

सातवा हलेना. मिनीबस सुरू होती, पट्टा लावलेला, आरसे पुसलेले, पाय क्लचवर. नजर समोरच्या मोकळ्या रस्त्यावर.

"कशाची वाट बघताय?"

"पुढची गाडी निघू दे, मॅडम."

"पुढे गाडीच नाहीये."

"तेच तर."

सैन्यात त्याने एकोणीस वर्षं ट्रक चालवला, तो ताफ्यात, आणि ताफ्यात कायम सातव्या नंबरावर. म्हणून तर नाव पडलं सातवा. बर्फ, चिखल, कडे, सगळं पार केलं, पण बघितलं काय, तर सहाव्या ट्रकचं ढुंगण. पन्नास पावलं अंतर ठेवायचं, तो वळला की वळायचं. रस्ता बघणं हे पहिल्या गाडीतल्या साहेबाचं काम. साहेब म्हणजे देवमाणूस. कधी नकाशा उघडायचा नाही, कधी कुणाला विचारायचा नाही.

महिनाअखेर सातवा सुटणार होता. सैन्यातला परवाना बाहेर कुणी धरत नाही, म्हणून सुटायच्या आधी जवानांना बाहेरचं प्रमाणपत्र काढून द्यायची योजना निघाली होती. आज हुकलं तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. शाळेच्या बसची नोकरी मात्र सोमवारपर्यंतच थांबणार होती. ती मिळवताना मेहुण्याने इतक्या थापा मारल्या होत्या की बायको सकाळी म्हणाली, "नापास झालात तर घरी येऊ नका. त्याच्याकडेच राहा."

तेवढ्यात गल्लीतून लॉन्ड्रीची व्हॅन निघाली आणि पुढे लागली. सातव्याचा जीव भांड्यात पडला. त्याने गिअर टाकला.

गाडी अशी चालवली की बाई कागदावर खुणा करतच सुटल्या. क्लच बरोबर. आरसा बरोबर. अंतर तर दोरीने मोजल्यासारखं.

"आता डावीकडे घ्या."

व्हॅन उजवीकडे गेली. सातवाही उजवीकडे.

"डावीकडे म्हटलं मी."

"ताफा तोडता येत नाही, मॅडम."

"कसला ताफा? तो चादरी घेऊन चाललाय."

"काय न्यायचं ते वरचे ठरवतात."

व्हॅनने वेग वाढवला. सातव्यानेही. व्हॅन गोदामांच्या मागे घुसली, तळ्याला दोन फेऱ्या मारल्या, पूल ओलांडला. बाई एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने गुण कापत होत्या. शेवटी एका खडीच्या ढिगापाशी रस्ताच संपला. लॉन्ड्रीवाला हात वर करून उतरला. मिनीबसच्या कपाळावर 'वाहन परवाना कार्यालय' लिहिलेलं त्याने आरशात कधीच वाचलं होतं.

"कबूल," तो म्हणाला. "परवाना संपून चार वर्षं झाली. पण एका माणसासाठी एवढं मागे लागतं का कुणी?"

बाईंनी केस सारखे केले. "व्हॅन जप्त. पाचच्या आत ऑफिसला न्यायची." मग सातव्याला म्हणाल्या, "तुम्ही न्या."

"मॅडम, माझ्याकडे परवाना कुठाय?"

"परीक्षा संपली असती तर चालवता आली नसती. अजून चालू आहे, म्हणून चालवता येते. तुम्ही पुढे व्हा, मी बस घेऊन मागून येते."

"पुढे?" सातवा म्हणाला. "रस्ता..."

"मला विचारू नका. मी कागदात होते. तुम्ही आणलंत इथवर, तुम्हाला माहीत असणारच."

सातव्याला माहीत होता तो व्हॅनचा मागचा फुटका दिवा. व्हॅनमध्ये चढून त्याने शेजारी बसलेल्या लॉन्ड्रीवाल्याकडे आशेने बघितलं.

"माझ्याकडे काय बघता? मी पळत होतो. पळणारा कुठे रस्ता बघतो होय?"

सातव्याने डोळे मिटले, उघडले, व्हॅन काढली. फाट्यावर डावीकडे वळला. का, ते त्यालाही कळलं नाही. आरशात मिनीबस डावीकडे वळली. रस्ता थेट कुणाच्या तरी अंगणात गेला. सातव्याने वाळत घातलेल्या कपड्यांना वळसा घातला, घरच्या आजीला हात केला आणि आल्या वाटेने बाहेर पडला. बाईंनीही वळसा घातला, हात केला. हॉर्न नाही, प्रश्न नाही. आणखी दोन अंगणं झाली. एका आजीला तर दोनदा हात केला. पावणेपाचला, कसं कोण जाणे, गाड्या ऑफिसच्या मागच्या फाटकातून आत आल्या.

बाईंनी जागेवरच प्रमाणपत्रावर शिक्का मारला आणि खाली शेरा लिहिला: 'उत्तीर्ण. मार्गाचे उत्तम ज्ञान. उमेदवार कुठेही गोंधळला नाही.'

सातव्याने तो दोनदा वाचला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याला पहिल्या गाडीतल्या साहेबाची शंका आली.