भुसावळ की भोपाळ

"भुसावळलाच धाडू," बन्सीलाल म्हणाला आणि त्यानं चहाचा कप असा खाली ठेवला, जणू विषय संपला.

विषय कसला संपतोय. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या दोन खोल्यांत पंखा गरगरत होता, शाळेत हॉकी शिकवणारे चेतनसर खुर्चीच्या टोकाला टेकले होते आणि बन्सीलालची मुलगी धनश्री उंबऱ्याशी बसून स्टिकला नवी ग्रिप गुंडाळत होती. पोरगी पंधरा वर्षांची. सेंटर हाफला खेळायची, आणि अशी खेळायची की यंदा तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. एक भुसावळच्या मुलींच्या लीगचं. दुसरं भोपाळच्या हॉकी वसतिगृहाचं, तिथल्या लीगमध्ये ठिकठिकाणच्या निवडक मुली खेळायच्या. एका वेळी एकीकडेच जाता येणार होतं, आणि आजच दोन्हीकडे कळवायचं होतं.

"काका, भोपाळला टर्फ आहे, रोजचा सराव आहे," चेतनसर म्हणाले. "तिथून पुढे कुठवर जाता येतं, ते मी तुम्हाला काय सांगू."

"पण खेळवतील का तिला?"

चेतनसरांना खोटं बोलता येत नसे. "पहिलं वर्ष बहुतेक बाकावरच जाईल."

"मग? बाकावर बसून कोण शिकलंय आजवर? भुसावळला पहिल्या मॅचपासून मैदानात राहील. वर मावशीच्या हातचं जेवण."

म्हणणं काही चुकीचं नव्हतं. फक्त पोटातलं सगळं ओठांवर आलेलं नव्हतं. पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये बन्सीलालचं अर्धं आयुष्य गेलं, पण जीव अजून भुसावळच्या मैदानातच अडकून होता. तो आणि त्याचा दोस्त दगा, दोघांत मिळून पायाच्या पॅडची एकच जोडी होती. उजवं पॅड बन्सीलालच्या पायाला, डावं दगाच्या. उघड्या नडगीवर बॉल बसला की ब्रह्मांड आठवायचं, पण मैदान सोडायचं नाव नसे. रविवारी अख्खी कॉलनी कडेला उभी राहायची आणि म्हातारी माणसं ओरडायची, "बन्सी, सोड की तो बॉल." बन्सी सोडायचा नाही. पुढे पोटासाठी सुरत गाठली आणि इथं त्याला मशीनच्या नंबरावरून ओळखू लागले. आता त्या मैदानावर धनश्री धावावी आणि कडेच्या कुणीतरी म्हणावं, ही आपल्या बन्सीची पोर. एवढंच त्याला हवं होतं. फार हवं होतं.

"लगन व्हयनं तैपासून भुसावळन्याच गोष्टी ऐकी राहिनू," आतून त्याची बायको मालतीबाई म्हणाली. एवढ्या वर्षांत तिला ते मैदान न पाहताच पाठ झालं होतं.

"तुला काय वाटतं?" चेतनसरांनी धनश्रीला विचारलं.

"पप्पा म्हणतील तसं." ती स्टिककडेच बघत होती. मग जरा थांबून म्हणाली, "सर, भोपाळच्या त्या मुली सच में माझ्यापेक्षा फास्ट आहेत?"

"खूप."

धनश्री हसली. बन्सीलालनं ते हसू पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

सरांची खात्री पटावी म्हणून त्यानं दगालाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. भुसावळची लीग आता दगाच चालवत होता. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं बन्सीलालनं आधी दगाच्या गुडघ्याची चौकशी केली, मग उन्हाची, मग कुठल्याशा लग्नाची. शेवटी म्हणाला, "धनश्रीले भोपाळवाला बी बलाई राहिनात. पन मी तुन्हाकडेच धाडस."

पलीकडे मैदानावरच्या मुलींवर एकदा ओरडून दगा फोनवर परत आला.

"बन्सी, माले ती जोयजे. मन्हा टीममा सेंटर हाफच नही."

बन्सीलालनं चेतनसरांकडे बघितलं. बघा, म्हणालो नव्हतो?

"पन तिले आठे भुसावळमा हारावनारं कोनी नही," दगा म्हणाला. "आठ दिनमा राणी व्हई जाई. मंग?"

"मंग काय? खेळी."

"आपन बी खेळनूत ना. पुढे कोठे पोचनूत?"

मालतीबाई हातातलं भांडं तसंच धरून दारात येऊन उभी राहिली. दगाचा आवाज उतरला, एकाच पंगतीत जेवलेल्या माणसाचा असावा तसा झाला.

"मैदाननी आठवन तुले येस ना? मंग तू ये. पोरगीले कसाले धाडस?"

तेवढ्यात पलीकडे कुणा मुलीला हाक मारत दगा निघून गेला. फोन बंद न करताच त्यानं खिशात टाकला असावा. बन्सीलालनं स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.

"मग काका, भोपाळला हो कळवू?" चेतनसरांनी हळूच विचारलं.

फोन तसाच धरून बन्सीलालनं होकाराची मान डोलावली. धनश्री उठली, बापाजवळ आली. त्याचे डोळे भरलेले बघून घाबरली.

"पप्पा, कोण बोलतंय?"

"कोनी नही," तो म्हणाला. "मॅच चालू शे."