राळ्याचा मुलूख

चुलीवरच्या भांड्याचं झाकण खडखडलं. नोएने दचकून पाहिलं. पाणी अजून गारच होतं. भूकंपाचा आणखी एक हादरा.

हादरा थांबला आणि ते आसऱ्याला थांबले होते त्या पडक्या गोठ्याच्या दारात गावची माणसं आली. हातांत बांबूचे भाले. एकाकडे आग विझवणाऱ्यांचा लांब लोखंडी आकडा.

"ए औषधवाल्या, बाहेर ये! कुठला तू?"

"आवाचा," नोएचा नवरा, गावोगाव औषधं विकणारा सोकिची म्हणाला.

"ऐकलंत? आवाचा म्हणे! अरे, आवात तर तू उभा आहेस. आणि ही असली बोली आमच्यात कुणाची? भूकंपापासून विहिरींत विष टाकत फिरतायत म्हणतात ना, त्यांतलाच कोरियन आहे हा!"

"नाही हो, जपानीच आहोत आम्ही! आमचं आवा शिकोकू बेटावरचं, समुद्रापलीकडचं..."

आकडा डोक्यात बसला. सोकिची गुडघ्यांवर आला. मग भाले.

नोएने लहानग्या लेकीचं, मित्सुचं तोंड पोटाशी दाबलं आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, "आवा म्हणजे राळे! राळे पिकायचे म्हणून आमच्या मुलखाचं नाव आवा. आमचेच पूर्वज बी घेऊन होड्यांतून इथे आले. नावही त्यांनीच आणलं. तुमचा देव कुठून आला, विचारा की तुमच्या म्हाताऱ्यांना!"

भाले थांबले.

"खरं बोलतेय ती," मागचा एक म्हातारा म्हणाला. "आजा सांगायचा हे. थांबा रे... आपलीच माणसं ही."

सोकिचीचा हात एकदा हलला. पुन्हा हलला नाही.

सगळे कमरेत वाकले. "चूक झाली, वहिनी. आम्हाला वाटलं, परके."

नोएला सकाळी पुलाखाली पाहिलेले कोरियनांचे देह आठवले. त्यांच्याजवळ सांगायला असली गोष्ट नव्हती.

आकडेवाल्याने आकडा गवताला पुसला. घाईघाईने घरी गेला आणि वाफाळता वाडगा घेऊन आला. दोन्ही हातांनी त्याने तो मित्सुपुढे ठेवला. राळ्याची पेज होती.

"खा, पोरी. उपाशी दिसतेस."

मित्सुने वाडगा उचलला. ओठांपाशी नेला. मग बाबांकडे पाहिलं, वाकून उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं.

"आई, बाबा वाटेत सांगत होते ना, इथे आपलीच माणसं आहेत म्हणून? ती हीच का?"

नोए तिचे केस सारखे करत राहिली.

"मग खाऊ का मी?"